मागचं पान

पहाटे साडेचार. ओटाहुहूत रस्त्याचे दिवे तेवढे जागे.
कालोलाइने गरम पाण्याखाली बोट धरते,
मग कडेला टोचते, मधोमध नाही.
कडेला कमी दुखतं, हे आईनं शिकवलेलं.
आईच्या डाव्या पायाला आता तीनच बोटं आहेत.

मोहरीएवढं रक्त. पट्टी ते पिऊन टाकते.
पाच पूर्णांक आठ.
रात्री तर मुठीएवढा तारो खाल्ला होता फक्त.
झोपेत यकृतच साखर सोडतं म्हणे,
कुणी मागितली नसताना.

लॉन्ड्रीत दुपारी गजर वाजतो.
हातमोजा काढ, हात धू, टोच, पूस, हातमोजा घाल.
एकदा हॉटेलच्या चादरीवर ठिपका पडला.
तिनं चादर परत धुण्यात टाकली,
कुणाला बोलली नाही.

रविवारी चर्चनंतर उमू उघडला.
वाफ, केळीची पानं, नारळाच्या दुधात शिजलेलं मटण,
आणि काकवीसारख्या पाकात बुडालेली फाइकाकाई.
सासूनं ताट स्वतः वाढलं: दोघांचं आहे, खा.
नाही म्हणणं म्हणजे तिचा हात झटकणं.

दोन तासांनी दहा पूर्णांक चार.
वहीत लिहिलं, निळ्या शाईत, वळणदार:
सहा पूर्णांक दोन.

मंगळवारी नायरी सुईणबाईंनी वही पाहिली,
मग यंत्राचं बटण मागे मागे दाबत गेल्या.
यंत्राला आठवत होतं.
कालोलाइने भिंतीवरचं स्तनपानाचं पोस्टर वाचत राहिली,
तिसऱ्यांदा.

'काय होतं जेवायला?'
तिनं सांगितलं. पाकापर्यंत सगळं.
'माझ्या तोंडाला पाणी सुटलं गं,' नायरी म्हणाल्या,
आणि इन्सुलिन दोन युनिटांनी वाढवलं.
'हे परीक्षेचे गुण नाहीत.
खोटा आकडा लिहिलास
तर मी खोट्यालाच औषध देत बसेन.'

तिनं सहा पूर्णांक दोन खोडलं.
खोडलेलंही वाचता येत होतं. राहू दिलं.

पुढच्या रविवारी तिनं ताटातला पाक बाजूला सारला,
सगळ्यांदेखत बोट टोचलं.
सासू बघत होती. बराच वेळ.
मग पदर नसलेल्या त्या बाईनं
पदराला पुसावा तसा हात झग्याला पुसला
आणि पुढे केला.
'माझंही बघ.'

नवी सुई. जाड, राकट बोट, दोनदा टोचावं लागलं.
सोळा पूर्णांक नऊ.
अंगणात मुलं बॉलमागे ओरडत होती.
पोटात एक लाथ बसली, चांगलीच.

कालोलाइनेनं वही उलटी केली,
मागचं पान उघडलं
आणि वर सासूचं नाव घातलं.