डक्ट

बिल्डरच्या नकाशात इथं लिहिलं होतं: हवा, उजेड.
उजेड पहिल्याच वर्षी कबुतरांनी घेतला.
हवा राहिली. ती सव्वाअकराला येते
मोहरीच्या तेलातून,
तीनशे दोनच्या कढईवरून निघून
थेट माझ्या देवांच्या फळीपर्यंत.

ताजा मासा असता तर तासभर नाक मुरडून बसले असते.
हा सुकवलेला.
याचा वास जात नाही, मुक्कामाला येतो:
दुलईत, पोस्टाच्या पासबुकात,
मंगळबाजारातून आणलेल्या,
अजून न नेसलेल्या साडीच्या घडीत.
परवा दुधाचा हिशेब लिहायला वही उघडली
तर वहीलाही.

काय करायचं ठेवलं मी?
खिडकीच्या फटींना खाकी टेप,
दाराखाली ओला पंचा,
एका वाटीत व्हिनेगर, एकीत कॉफीची पूड.
लिंबाच्या सालींत लवंगा टोचून
ओट्यावर मांडल्या, हळदीकुंकवाला बसवाव्यात तशा.
शेवटी कापूर जाळला.
मग घराला
कापूर ओवाळलेल्या माशाचा वास आला.

कौशिकभाई सेक्रेटरी म्हणाले, 'बेन, अरजी आपो.'
लिहायला बसले.
'दुर्गंध' लिहिलं, खोडलं. 'वास' लिहिलं.
अलीकडे 'उग्र' घातलं.
कौशिकभाई उभ्याउभ्याच म्हणाले, भाडूत तर आहेत,
सह्या मी आणतो, एक महिनामां खाली.
त्यांचं पेन खिशातून निघालंसुद्धा होतं.
मी म्हटलं, थांबा,
आधी बोलून बघते.

प्रणती बेहेरा. हात हळदीचे,
कोपरानं दार उघडलं.
चार वेळा मनात घोळवलेलं वाक्य
मी माझ्या बडोदेकरी हिंदीत म्हणून टाकलं,
मध्ये कुठेतरी 'माफ करा' आलं, ते ठरवलं नव्हतं.
तिनं सगळं ऐकलं.
म्हणाली, हे रिफायनरीतून रात्रपाळी करून येतात,
झोपण्याआधी तेवढंच मागतात.
मग हात पदराला पुसत,
पुसून झाल्यावरही पुसत,
'आंटी, एक विचारू?
तुमचं दूध रोज करपतं. पहाटे चारला.
मी दचकून उठते, आधी आमचा गॅस बघते,
मग वास ओळखीचा वाटतो.
तुम्ही झोपत नाही का?'

मला काही सुचेना.
डेअरीचं दूध हल्ली पातळ येतं, म्हटलं,
लगेच लागतं बुडाला.

घरी येऊन पंचा उचलला, पिळला,
परत दाराखाली ठेवला.

चारची गोळी दुधासोबत द्यायची असे.
सहा वर्षं.
गोळी घेणारा माघात गेला.
चार वाजायचे थांबले नाहीत.
मी उठते, पातेलं चढवते,
खिडकीशी जाते, टेप लावलेल्या खिडकीशी,
आणि तिथं काय बघते
ते मला विचारू नका.
मला वाटलं होतं हे फक्त भांडी घासणाऱ्या मंदाला माहीत आहे.

अर्ज खणात आहे, 'उग्र'पर्यंत आलेला.
कौशिकभाई लिफ्टमध्ये भुवया उडवतात.
सव्वाअकरा वाजतातच,
आणि मला तो वास आवडायला लागलेला नाही, आधीच सांगते.
टेपचं नवं रीळ आणलंय.

फक्त मंगळवारपासून
मी दुधापाशी उभी राहते, डाव घेऊन,
ढवळत, साय येऊ न देता.
काल एक थेंब लागला नाही बुडाला.
तरी चार वाजून दहा मिनिटांनी
पलीकडचा दिवा लागला,
कबुतरं जरा सरकली,
आणि बराच वेळ
दोन्ही ओट्यांवर
कुणी काहीच शिजवत नव्हतं.