वास

बावीस वर्षं या घरात शेपू शिजला नाही.
लग्नाआधीच्या एकुलत्या एक भेटीत, चहा संपता संपता,
श्रीरंगनं एकच अट घातली:
"शेपू सोडून काहीही कर."
मी हसले. वाटलं, माणूस विनोदी आहे.

नव्हता.
कोथिंबिरीच्या जुडीत चुकून एक काडी आली
तरी तो खिडक्या उघडायचा, भर जानेवारीत,
उणे अठराच्या मिलवॉकीत,
आणि सरोवरावरचा वारा आत येऊन
आमच्याबरोबर जेवायला बसायचा.

मग यंदाच्या हिवाळ्यात एका तापानं त्याचं नाक नेलं.
ताप आठ दिवसांत उतरला, नाक परतलं नाही.
करपलेलं दूध, ओला कुत्रा, हिंगाची डबी, माझे केस,
सगळं एकसारखं: काहीच नाही.
डॉक्टर म्हणाली, येईल.
कधी, ते म्हणाली नाही.

आता खरं सांगते, आणि हे काही चांगल्या बाईचं लक्षण नव्हे:
माझ्या मनात पहिला आला तो शेपू.

बी शेजारच्या हॅलिनानं दिलं, लोणच्याच्या बरणीच्या झाकणात.
"रोप उचलून दुसरीकडे लावू नकोस," ती म्हणाली,
"मूळ सरळ खाली जातं, जागा बदलली की रुसतं."
(इथे एखादीनं परदेशावर दोन ओळी लिहिल्या असत्या.
मला भाजीची घाई होती.)

मेच्या शेवटी, गॅरेजच्या भिंतीलगत, दोन वाफे.
बी पुरायचं नाही, नुसतं तळहातानं थोपटायचं.
दहाव्या दिवशी हिरवे केस, विसाव्या दिवशी पिसं.
सशानं हुंगलं आणि पाठ फिरवली.
गेल्या जन्मीचा श्रीरंग असावा.

वीतभर झाल्यावर कापला.
ठेचलेला लसूण, भिजवलेली मूगडाळ, दोन मिरच्या.
घरभर शेपू. पडद्यांत, उशांत, कोटांच्या कपाटात,
आणि त्यात मी एकटीच.
तो जेवला. दोन भाकऱ्या.
"बरी झालीय," म्हणाला. "पालक ना?"
"हो," म्हटलं.
बावीस वर्षांचं भांडण मी जिंकले होते
आणि समोर कोणी नव्हतं.

त्यानंतर कापला नाही.
जुलैत तो छातीला लागला, पिवळ्या छत्र्या उघडून उभा.
हिरव्याकाळ्या पट्ट्यांचे सुरवंट आले, खाऊन लठ्ठ झाले.
हॅलिना संध्याकाळी कात्री घेऊन यायची,
छत्र्या न्यायची काकडीच्या खाऱ्यात घालायला.
"छान निबर होऊ दिलास," म्हणायची.
आमच्याकडे जे फुकट गेलं म्हणतात
तिथून तिचं सुरू व्हायचं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी
श्रीरंग पाण्याचा पाइप गुंडाळत त्या कोपऱ्यातून आला,
स्वयंपाकघराच्या दारात थांबला,
आपलाच हात नाकाशी नेला,
आणि त्याचं तोंड झालं तेच, त्या चहाच्या वेळचं,
एरंडेल पाजलेल्या पोरासारखं:
"काय लावलंयस तिकडे? शी!"

मी गॅस बंद केला.
"परत म्हण."
"शी," तो म्हणाला.
मग त्याचं त्यालाच कळलं,
आणि अगदी हळू, जपून: "शी."

त्या दुपारी तो घरभर हुंगत फिरला.
साबण, बूट, जिऱ्याचा डबा, बंद पडलेला रेडिओ.
शेवटी माझ्यामागे येऊन उभा राहिला.
"तेल बदललंस?"
"मार्चमध्ये."

वाफा आता वाळलाय. वर्षाचंच झाड, मुळासकट संपतं.
पण बी सगळीकडे सांडलंय, फरशीच्या फटींत,
पायरीखाली, त्याच्या गाडीच्या वाटेवरही.
येत्या मेमध्ये तो नाक दाबून उपटत बसेल.
बसू दे.
एका माणसाच्यानं संपेल
इतकं थोडं नाही पडलेलं.