तीन पूर्णांक एक

टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटाजवळ,
तळमजल्यावर आमची स्कॅनची खोली.
भिंतीत शिशाचा पत्रा,
दारावर तीन लिप्यांत एकच सूचना.

खानापूरहून पहिल्या बसनं आले
शट्टुप्पा कुंभार, वय एकसष्ट.
उजवीकडच्या वरच्या दाढा
अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या,
नखांत लाल रेघ, न निघणारी.
चिठ्ठीवर हुंदरे डॉक्टरांचं अक्षर:
स्क्रू बसवायचाय. वर किती जागा आहे ते बघ.

हनुवटी टेकवा, म्हटलं.
पुढच्या दातांत ही काडी धरा. गिळू नका.
आणि सवयीनं तोंडून गेलंच:
अल्लाडबेडी.
ते हसले नाहीत. हललेही नाहीत.
चौदा सेकंद
यंत्राचा हात त्यांच्या डोक्याभोवती फिरत राहिला.
बाहेर येऊन म्हणाले,
"पन्नास वर्षं मी चाक फिरवलो, बाई.
आज चाकावर मीच."

माझं चाक एवढंसं, माऊसवरचं, बोटाखाली.
फिरवलं की चेहरा उलगडतो
पाव-पाव मिलिमीटरच्या चकत्यांत.
डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडाआड
काळी पोकळी.

"हे काळं काय? कीड?"
काही नाही.
म्हणजे खरोखरच काही नाही, हवा आहे.
सगळ्यांनाच असते.
खरं दाढा गेल्या की
हाडाला काम उरत नाही,
ते खालून झिजत जातं
आणि वरून ही पोकळी उतरत येते,
रिकाम्या खोलीत शेजाऱ्याचं सामान यावं तशी.

दोन टिंबं ठेवली, मधे रेघ ओढली.
तीन पूर्णांक एक.

"मिलिमीटर म्हंजे केवढं?"
रुपयाची दोन नाणी, एकावर एक.
त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं,
हवेतच काहीतरी चिमटीत धरून बघितलं.
"एवढ्या बुडाचं मडकं मी चाकावरनं काढत नाही.
उचलताना बूड तिथंच राहतंय."

मग दिसली ती भिंत.
पोकळीत मधोमध, उभी, कागदासारखी;
साध्या एक्स-रेत इतकी वर्षं लपून राहिलेली.
फोनवर डॉक्टर थोड्या गप्प झाल्या.
"बरं झालं आधी दिसली," म्हणाल्या,
"खिडकी एक नाही, दोन कराव्या लागतील.
आणि बाजूच्या हाडात रक्तवाहिनीची खाच
कुठनं जाते, तेवढं मोजून पाठव."

मी त्यांना जमेल तसं सांगितलं:
गालाच्या बाजूनं हाडाला खिडकी पाडतात,
आतलं अस्तर न फाडता वर सारतात,
खाली हाडाचा भुगा भरतात,
मग आठ महिने थांबायचं.
"अस्तर किती जाड?"
अंड्याच्या कवचाला आतून पापुद्रा असतो ना, तसलं.

बराच वेळ ते पडद्याकडंच बघत होते.
"ओल्या मातीला एक हात आतनं, एक हात बाहेरनं.
बाहेरचा हात सगळ्यांस्नी दिसतोय.
तुमच्या डॉक्टरबाईंचा आतला हात
कसा हाय?"

मला ठाऊक नव्हतं.
मी मोजते फक्त.

जाता जाता दारात थांबले.
"ह्याचं तोंड कुठाय?"
पुन्हा बसवलं, चाक फिरवलं, दाखवलं:
पार वर, नाकाच्या बाजूला, बारीक भोक.
म्हणून तर सर्दीत भरलं की लवकर रिकामं होत नाही.
तुमचं उघडं आहे. चांगलं आहे.
"तोंड वर हाय म्हणूनच ते भांडं," म्हणाले,
आणि गालावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं,
कान देऊन,
गिऱ्हाइकासमोर वाजवतात तसं.

पुढच्या खेपेला वर्तमानपत्रात गुंडाळून
एक कच्चं मडकं आणलं,
तारेनं उभं कापलेलं, अर्धं.
काठ, पोट, बूड: कुठं किती जाड,
सगळं उघडं.
"हे माझं स्कॅन. पोराला शिकवताना कापतो."

ते अजून कॉम्प्युटरशेजारी आहे.
भाजलेलं नाही, त्यामुळे पुसताना
फडकं लाल होतं.
परवा एकटीच होते, पेशंट नव्हता.
पट्टी घेतली आणि बूड मोजलं.

नऊ.