साठ पौंडांचा दोरा

नेव्हिल कॅट हात धरून शिकवत नाही.
"पाच औंस शिसं, म्हणजे पन्नास पौंडांचा लीडर.
वर दहा, तुझ्या खांद्यातल्या रागासाठी."

डंजनेसच्या गोट्यांवर जानेवारीची रात्र.
वारा कानात शिरतो, बाहेर यायचं विसरतो.

रिळावर जाड दोऱ्याचे सात वेढे,
मग गाठ, थुंकीने ओली करून आवळलेली.
ती रिळाच्या कडेला बसवायची, अंगठ्यापासून लांब.
त्याच्या अंगठ्यावर एक पांढरा व्रण आहे.
मी विचारलं नाही. तोही लपवत नाही.

फेकताना सगळा झटका हा जाड दोरा खातो.
बारीक दोरा मागून येतो, निवांत,
आणि लांब गेल्याचं नाव त्याचं होतं.
मला धाकटा भाऊ आठवला.

"किती गेलं?"
"ऐंशी यार्ड. पण तुटलं नाही.
परवा एकाचं शिसं सुटलं,
त्याच्याच व्हॅनच्या काचेतून आरपार."

पुन्हा फेकलं. पुन्हा.
त्याने मात्र वीस यार्डांवर टाकलं
आणि थर्मासचं झाकण उघडत म्हणाला,
"आज मासा उतारावरच चरतोय."
मग मला का दमवलंस?
"उद्या तिथे नसेल."

अकराच्या सुमारास ओढून घेताना
काठीच्या टोकाला दोन हिसके. व्हायटिंग असावा.
अंधारात काही दिसत नव्हतं,
फक्त गाठ कडीतून आत आली: टक्.

म्हणजे आता जाड दोराच उरला होता.
म्हणजे काठ जवळ.