एक पंचमांश

माझ्या बोटांतून जातं ते सगळं
आधीच कुणीतरी बोललेलं असतं. मी लघुलेखक.
दावा क्रमांक दोनशे सतरा, सहकार न्यायालय, तिसरा मजला.
वादी : वच्छला दौलत टेंभुर्णे, राहणार घाटला, चेंबूर.
प्रतिवादी : सोसायटी, तर्फे सेक्रेटरी.
वादाचा विषय : पाणी.

नाही, साहेबांनी दुरुस्त केलं, विषय पाणी नाही.
पाण्यावर मत घ्यायचं की नाही, हा विषय.
मी खोडलं.
पाणी पुसायला वेळ लागत नाही.

एप्रिलपासून टाकीत बोअरवेलचं मिसळतात,
वैतरणेचं आणि जमिनीखालचं, एकाच नळाला, कुणाला न विचारता.
बाईंनी बाटलीभर तपासून आणलं स्वतःच्या पैशानं.
फ्लोराइड दोन पूर्णांक एक. मर्यादा दीड. निशाणी बारा.
सभा बोलवा, म्हणाल्या, लोकांना हात वर करू द्या.
सेक्रेटरी कारखानीस म्हणाले, पाणी ही तांत्रिक बाब आहे,
तिथे मतदान चालत नाही.
(गेटच्या रंगावर मागच्या वर्षी दोनदा झालं.
निशाणी चौदा. तपकिरी हरला.)

सभासद एकशे बारा.
सभेच्या मागणीला सह्या हव्यात एक पंचमांश,
म्हणजे बावीस पूर्णांक चार.
शून्य पूर्णांक चार माणूस कुठून आणायचा,
म्हणून तेवीस.
बाईंकडे तेवीस होत्या.
तेविसाव्या इंदुमती खोपकर, फ्लॅट चारशे तीन,
सही करून अकराव्या दिवशी वारल्या.
सभासदत्व मृत्यूबरोबर संपतं, वकील म्हणाले,
म्हणजे उरल्या बावीस, म्हणजे मागणीच नाही,
म्हणजे दावाच नाही.
किती सोपं होतं ते टाइप करायला.

मग उलटतपास.
आपण दातांच्या डॉक्टर आहात?
नाही.
पाणीखात्यात नोकरीला होता?
नाही.
मग फ्लोराइडमधलं आपल्याला काय कळतं?

तेव्हा बाई हसल्या.
तीन तारखांत पहिल्यांदा, पदर तोंडाशी न नेता.
पुढचे चारही दात
खडूवर चहा सांडावा तसे, आडव्या पट्ट्यांचे.
आमच्या गावची विहीर, म्हणाल्या, चंद्रपूरकडची.
चौथीचा अख्खा वर्ग असाच होता.
शाळेच्या फोटोत एकही पोरगं हसत नाही,
मास्तर म्हणायचे, किती शिस्तीची पोरं.

माझी बोटं थांबली.
लघुलिपीत हसण्याला खूण नाही.
साहेब जरा वेळानं म्हणाले, लिहा :
साक्षीदाराने दात दाखवले.
खायचे वेगळे, दाखवायचे वेगळे म्हणतात.
बाईंचे तेच ते. त्यांनीच भाकरी खाल्ली,
त्यांनीच शपथेवर उत्तर दिलं.

वकील बसता बसता पुन्हा उठले.
आणि समजा, सभेनं ठरवलं, मिसळा. मग?
मग मी ते पिणार नाही.
पण हात कुणी कुणी वर केला, ते बघेन.

हे मी शब्दशः घेतलंय.

निकाल सव्वा पानाचा.
सही केली त्या दिवशी सही करणारी हयात होती.
सबब तेवीस म्हणजे तेवीस.
तीस दिवसांत सभा घ्यावी. खर्चाबद्दल हुकूम नाही.
मी तीन प्रती काढल्या, कार्बन संपत आल्यासारखा प्रिंटर,
तिसरीत इंदुमतीबाईंचं नाव फिकट आलं.
पुन्हा काढली.

सभा झाली असेल एव्हाना.
किती हात वर, किती मांडीवर,
ते इकडे कळत नाही. इकडे भांडण येतं फक्त,
तहान घरी जाते.

जेवणाच्या सुटीत मी जिन्यातल्या कूलरखाली बाटली धरते.
वर कागद चिकटवलाय : पिण्याचे पाणी.
आठ वर्षं वाचतेय.
आज पहिल्यांदा खाली पाहिलं,
तारीख नाही, शिक्का नाही,
कुणाची सही नाही.
जीभ दातांवरून एकदा फिरवली
आणि झाकण लावलं.