काटा बघत बसणं

कुर्ला, सीएसटी रोड, दुपारचे अडीच.
कूलकॅबवाले शिवतरकर काच खाली करून म्हणतात,
"थोडा गॅस मार रे. गारच होत नाही."

परकारचाचा असते तर आधी हसले असते.
"गॅस काय पेट्रोल आहे, जळून संपायला?
कमी झाला म्हणजे कुठूनतरी पळाला.
आधी फट शोध."

गेल्या महिन्यातच तेलात रंग सोडून ठेवलेला.
ताडपत्री ओढून बॉनेटमध्ये डोकं घालतो,
जांभळा दिवा लावतो.
कंडेन्सरच्या सांध्यावर हिरवं चमकतं,
मांजराच्या डोळ्याएवढं.

मग गॉगल. मग हातमोजे.
निळा पाइप थंड बाजूला, लाल तापट बाजूला.
उरलासुरला गॅस मशीनच्या टाकीत ओढून घेतो,
हवेत सोडत नाही.
पूर्वी सोडायचे, नट सैल करून, तोंड फिरवून.
चाचांनीही सोडलाय, खोटं कशाला बोलू.
त्यांच्या करंगळीचं टोक कायमचं पांढरं राहिलं.
खेडला सुनेनं विचारलं, कशानं भाजलं?
"थंडीनं," म्हणाले.
ती भाकरी थापत राहिली.

पहिल्या दिवशी मी विचारलेलं,
हे थंडी बनवतं कसं?
थंडी कुणी बनवत नाही, पोरा.
ही हमाली आहे.
डॅशबोर्डमागच्या अंधारात गॅस उकळतो,
उकळायला लागणारी ऊब
आत बसलेल्याच्या अंगावरून उचलतो.
कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तापवतो, पुढं ढकलतो.
जाळीपाशी ओझं उतरवून तो पातळ होतो,
बारक्या छिद्रातून पुन्हा आत,
रिकाम्या डोक्यानं.

आणि ओझं?
ते सिग्नलला, गाडीच्या तोंडासमोरून
रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या पोटरीवर.
चाचा हे सांगताना
आमच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघायचे.

सांध्यातली रबरी रिंग नखासारखी कडक झालेली.
नवी घालतो, तेलाचं बोट फिरवून.
अर्धा तास पंप: आतली हवा, ओल, सगळं बाहेर.
मग पंप बंद,
आणि नुसतं काटा बघत बसायचं.
शून्याच्या खाली गेलेला काटा
हलता कामा नये.

शिवतरकरांना एअरपोर्टचं भाडं आहे.
दोनदा घड्याळ बघतात, एकदा मला.
मग टायरवर टेकून बोलायला लागतात.
"पॅसेंजर म्हणतो, एसी वाढवा.
मी बटणाला नुसता हात लावतो.
म्हणतो, आता बरं वाटतंय."

काटा हललेला नाही.

गॅस वजनावर, स्टिकरवर लिहिलाय तेवढाच,
चारशे ऐंशी ग्रॅम.
शिवतरकरांनी वरती आणखी मागितला,
चहाला मागतात तसा.
नाही म्हणालो.

गाडी सुरू. दहा मिनिटांत ते खाली वाकतात:
"अरे, गळतंय!"
पाणी आहे, मी म्हणतो.
तुमच्याच श्वासातलं, थोडं मिठी नदीचं.
दुकानाची मांजर येऊन
सावकाश चाटायला लागते.