फोटोचे पैसे

आत्या मेली तेव्हा मी बारावीत होतो.
मंगळवार, रात्री साडेआठ, भाग दोनशे बारा.
तांडापेठेत त्या दिवशी लाइट गेले नाहीत,
म्हणून आजीने सगळं पाहिलं:
जिना, घसरलेला पाय, पायरीपायरीवर फुटत गेलेला चुडा,
आणि लगेच कुकरची जाहिरात.
आजी म्हणाली, "काहून मारलं वो तिले?
पैसे मागितले असतीन."

मागितले होतेच.
दिवसाचे दोनशे वाढवा, एवढंच.
लेखकाने त्याच आठवड्यात जिन्यावर तेल सांडलं.

मरायला ती झाडीपट्टीत शिकली होती.
देवका सोनकुसरे, वय एकोणीस,
दिवसा मागाच्या कांड्या भरायची, ओठांत भाषणं;
दिवाळी झाली की वडशाच्या गाडीत.
रात्री अकराला पडदा, पहाटे चारला विष,
शेकोटीभोवतीची माणसं तिच्यासाठी जागी,
शंकरपटाचे बैल तेवढे झोपलेले.

मुंबईत देवकाची देवयानी झाली.
आडनाव टायटलात मावेना म्हणून गाळलं.
"करून राहिली", "जाऊन राहिली" —
दिग्दर्शक म्हणाला, आधी जीभ धुऊन ये.
तिने धुतली. इतकी की घरी फोन केला तर
आजी विचारायची, "कोन बोलून राहिलं?"
पुढे मोलकरणीचं काम आलं, वऱ्हाडी बोलणाऱ्या.
आत्या बोलली, जशी आमच्या ओसरीवर बोलतात तशी.
"असं कोणी बोलतं का?" तोच म्हणाला.
"जरा हसू येईल असं बोला."

एका सिनेमात मात्र पोस्टरवर अर्धा चेहरा होता.
इतवारीच्या टॉकीजला अकरा दिवस.
आजोबा अख्खी गल्ली घेऊन गेले,
मध्यंतरात सगळ्यांना चहा पाजला.
घरी येताना विचारलं, कशी वाटली?
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "लुगड्याचा काठ मिलचा व्हता."

तर, मेल्यानंतरचं.
मालिकेतल्या घरात भिंतीवर तिचा फोटो लागला, हार घालून.
करारात एक ओळ होती, कुणी वाचलेली नव्हती:
फोटो दिसेल त्या भागाचे तीनशे.
आता सून रडायची तर फोटोखाली,
नवरा दारू प्यायचा तर फोटोसमोर,
कारस्थानंसुद्धा तिथेच शिजायची.
जिवंतपणी तिला इतके भाग मिळाले नव्हते.

पहिल्या दिवशी आजीने पडद्यावर बोटं मोडली.
चौथ्या दिवसापासून ती मोजायला लागली.
माग केव्हाचा बंद, त्याच्या खांबावर कोळशाने रेघ:
दिसली, तीनशे.
दिसली, तीनशे.
नुसती कडा दिसली की भांडण, धरायची की नाही.
त्या रेघांवर माझी आयटीआयची फी गेली,
आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं,
दुसऱ्याचं राहिलं.

तीन वर्षांनी नवी सून आली, आधुनिक.
तिने भिंतीला रंग काढला.
फोटो खाली उतरवताना कॅमेरा तिकडे वळलाही नाही,
फक्त खिळा दिसला.
आजी उठली, आंघोळ केली,
आणि मग रडली. जिन्यावरून पडली तेव्हा नव्हती रडली.
मुंबईला फोन लावला तर आत्याच हॅलो म्हणाली.
आजीने तिलाच सांगितलं, "देवका गेली वो."

आता आजी नाही. आत्या इथेच, वरच्या खोलीत.
फोटो कुरिअरने आला होता,
मागे खडूने लिहिलेलं: देवघर, डावीकडे.
शेजारची पोट्टी विचारतात, तुम्ही टीव्हीत होत्या ना?
ती म्हणते, "भिंतीवर व्हती."

काल पारा सत्तेचाळीसवर, कूलर पाणी ओढेना.
माझं कामच ते. जाळी काढली
तर वाळ्याच्या ताटीत काहीतरी अडकलेलं:
तोच हार, चंदनाच्या सालींचा, भिजून काळा पडलेला.
मी काढायला गेलो.
"राहू दे ना बे," आत्या म्हणाली, खाटेवर पडल्या पडल्या,
"वास येते."
मोटर सुरू केली.
येत होता.